एअर रायफलचे लायनर : मोजमाप बोअरपासून हवे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

घरच्या लेथवर स्वतःच्या हाताने एअर रायफल बांधणाऱ्या हौशी मंडळींविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. महिनोन् महिने खपून एखादी वस्तू घडवणाऱ्यांची दखल वृत्तपत्राने घेतली, याचा मला मनापासून आनंद झाला. हवेची टाकी, झडप, घोड्याची यंत्रणा, लाकडी दस्ता या सगळ्यांविषयी लेखात भरपूर आणि बहुतांशी बरोबर माहिती होती. बॅरलच्या लायनरविषयी मात्र एकच वाक्य होते. खाचा पाडलेली पातळ नळी आणायची, जाड नळीत सरकवायची आणि इपॉक्सीने चिकटवायची, की बॅरल तयार, असे ते वाक्य होते. याच समजुतीने काम करून मी माझी पहिली दोन लायनर वाया घालवली आहेत आणि तिसरे कसेबसे वाचवले आहे. रायफल नीट लागणार की नाही, हे दुसऱ्या कोणत्याही भागापेक्षा याच कामावर ठरते. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मुळात लायनर का लागते, हे आधी सांगितले पाहिजे. बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या छिद्रात, पिळाच्या खाचा पाडणे हे घरगुती लेथवरचे काम नाही. चारशे ते पाचशे मिलिमीटर लांबीच्या आणि साडेचार मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात सगळीकडे सारख्या खोलीच्या, सारख्या पिळाच्या खाचा हव्या असतात आणि त्यासाठी खास यंत्रसामग्री लागते. म्हणून खाचा असलेली तयार पातळ नळी आणून तिला बाहेरून जाड नळीचे कवच देतात. बंदुकीची झिजलेली नळी फेकून न देता ती पोखरून तिला आतून नवे अस्तर लावायचे, ही जुनी कारागिरी आहे, आणि घरी बांधलेल्या एअर रायफलमध्ये तीच उपयोगी पडते. कवचाचे काम ताठपणा देण्याचे असते. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे व्यास दुप्पट केला तर ताठपणा सोळापट होतो. आठ मिलिमीटरचे लायनर नुसते हातात धरून टोकाशी दाबले तर ते वाकलेले डोळ्यांना दिसते. तेच लायनर सोळा मिलिमीटरच्या पोलादी कवचात एकजीव बसले तर बोटांच्या जोराने ते हलत नाही. ही सगळी आकडेमोड ‘एकजीव’ या शब्दावर उभी आहे. आत लायनर आणि बाहेर कवच आपापल्या परीने हलत असतील, तर सोळापट ताठपणा कागदावरच राहतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लायनरच्या कामात सगळी मापे बोअरपासून घ्यावी लागतात. छर्रा धावतो तो बोअरमधून. बाहेरचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत आणि चकचकीत असला, तरी बोअर त्याच्या बरोबर मध्यातून जातो याची खात्री नसते. लेथवर काम शिकलेल्या माणसाचा हात सवयीने बाहेरून धरतो, चकमध्ये बाहेरचा व्यास पकडतो, केसभर फरकही सुईने दाखवणारा डायल गेजही बाहेरच लावतो. सुई स्थिर राहिली की काम सेंटरला आहे असे तो मानतो. माझेही तेच झाले. पहिल्या लायनरच्या वेळी बाहेरून डायल अगदी शांत होता, आणि बोअरच्या तोंडात घट्ट बसणारी पिन घालून तिच्यावर डायल लावला तेव्हा सुई एका फेऱ्यात बारा शतांश मिलिमीटर फिरली. याचा अर्थ बोअर मध्यापासून सहा शतांश बाजूला होता. तोवर मी कवचाचे छिद्र, ब्रीचची, म्हणजे छर्रा भरायच्या मागच्या टोकाची, बैठक आणि तोंडाचा उतार हे सगळे बाहेरच्या व्यासावरून करून बसलो होतो.

बोअर थोडा बाजूला असणे हा काही असाध्य दोष नाही, हेही इथेच सांगतो, कारण नवशिके याच टप्प्यावर हताश होऊन चांगली नळी भंगारात टाकतात. दोष कायम एकाच दिशेला आणि एकाच मापाचा असेल, तर नेम जुळवण्याच्या स्क्रूने तो भरून काढता येतो. चारशे मिलिमीटर लांबीत नळीचे तोंड एक मिलिमीटर बाजूला असेल, तर दहा मीटरवर छर्रा पंचवीस मिलिमीटर बाजूला लागेल. आकडा मोठा वाटला तरी बहुतेक साइट्स, म्हणजे नेम धरायची साधने, तेवढे समायोजन देतात. त्यातही जुने कारागीर लायनर कवचात फिरवून असे बसवतात की बोअरचा कल वर किंवा खाली यावा, डावीकडे किंवा उजवीकडे नाही. मग आडव्या दिशेचे समायोजन शिल्लक राहते आणि उभ्या दिशेचे अंतरानुसार तसेही बदलावेच लागते. खरा शत्रू आहे हालणारा दोष. लायनर कवचात दर नेमाला केसभर इकडेतिकडे होत असेल, तर त्यावर जगातला कोणताही साइट इलाज करू शकत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेतल्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तोंड एक दशांश मिलिमीटर हलले तर त्या अंतरावर अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. हौशी माणसाला स्पर्धा जिंकायची नसली, तरी केसभर ढिलाईची किंमत काय असते हे यावरून कळावे.

माझ्या पहिल्या लायनरची कथा थोडक्यात सांगतो. कवचासाठी मी भरीव गज घेतला आणि त्याला दोन्ही टोकांकडून लांब ड्रिलने भोक पाडले. लांब ड्रिल भरकटतेच. दोन्ही भोके मध्यभागी भेटली खरी, पण एकमेकांना पाव मिलिमीटर चुकवून भेटली आणि तिथे एक पायरी तयार झाली. लायनर त्या पायरीशी अडले, तेव्हा मी लाकडी हातोडीने ते हळूहळू आत घातले. ते गेले, आणि गेले याचाच मला आनंद झाला. वरून ब्रीचपाशी दोन आणि तोंडापाशी एक असे ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू, घट्ट आवळले. पंधरा मीटरवर पाच छर्रे सोडले तेव्हा कागदावर तळहाताएवढा विखुरलेला पुंजका उमटला. मी झडप बदलली, हवेचा दाब कमी-जास्त केला, चार प्रकारचे छर्रे आणले, दोन महिने घालवले. दोष नळीत असेल असे मनातही आले नाही, कारण नळी तर मी एवढ्या कष्टाने ‘घट्ट’ बसवली होती.

शेवटी एका जुन्या फिटरने मला साधी गोष्ट करायला सांगितली. रायफलमधून हवा पूर्ण काढून नळी सुटी केली, आतून पुसून तिला तेलाचा अगदी पातळ हात दिला आणि मऊ शिशाचा एक छर्रा ब्रीचकडून आत घालून पितळी गजाने तो सावकाश, एका लयीत ढकलला. चांगल्या नळीत सुरुवातीला खाचा छर्ऱ्यावर बसताना जोर लागतो आणि मग गज सारख्या ताकदीने पुढे सरकत राहतो. माझ्या नळीत गज तीन ठिकाणी अडला. पहिल्यांदा ग्रब स्क्रूखाली, मग मध्यावर त्या पायरीपाशी, आणि शेवटी तोंडाजवळच्या स्क्रूखाली. दोन अडथळ्यांच्या मध्ये छर्रा इतका सैल झाला होता की गजाला काही जाणवतच नव्हते. बाहेर पडलेला छर्रा भिंगाखाली धरला, तर त्याच्या कडेवर खाचांचे ठसे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम उमटलेले होते. एकदा दाबून बारीक झालेला छर्रा पुढच्या रुंद जागेत पुन्हा फुगत नाही. तो तिथून डुगडुगत जातो आणि हवा त्याच्या कडेने निसटते. दोन महिने मी ज्याला झडपेचा दोष समजत होतो, तो दोष त्या गजाने अर्ध्या मिनिटात दाखवला. विकत आणलेल्या लायनरची ही परीक्षा आणल्याच दिवशी घ्यावी, बसवण्याआधी घ्यावी आणि बसवल्यावर पुन्हा घ्यावी. तिन्ही वेळा गज हाताला सारखाच लागला, तरच काम बरोबर झाले असे मानावे.

या परीक्षेतून आणखी एक गोष्ट कळते. एअर रायफलच्या अनेक नळ्यांत तोंडाकडचा शेवटचा भाग मुद्दाम काही शतांश मिलिमीटर आवळलेला असतो. छर्रा बाहेर पडताना तो एकसारखा धरला जावा, यासाठी ती योजना असते. गज तिथे हळूच जड होतो. हा आवळ लायनरच्या कोणत्या टोकाला आहे हे ओळखून त्या टोकावर खूण करून ठेवावी आणि लांबी कमी करायची असेल तर ती ब्रीचच्या बाजूने करावी. मी दुसरे लायनर तोंडाकडून साठ मिलिमीटर कापले आणि त्यातला सगळ्यात चांगला भाग माझ्या हाताने भंगारात टाकला.

बाहेरचा व्यास कमी करण्यासाठी लायनर लेथवर छिलण्याचा मोहही आवरावा. कठीण धातूचे बटण बोअरमधून ओढून किंवा ढकलून ज्या नळ्यांत खाचा पाडलेल्या असतात, त्यांच्या धातूत ताण दडून राहिलेला असतो. बाहेरचा थर काढला की तो ताण मोकळा होतो आणि बोअर किंचित उघडतो. हा फरक शतांशांत असतो, पण साडेचार मिलिमीटरचे छर्रेच मुळी ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ अशा मापांत विकले जातात, यावरून एका शतांशाचे वजन लक्षात यावे. म्हणून लायनर आहे तसे ठेवावे आणि कवच त्याच्या मापाला आणावे. भरीव गज पोखरण्याऐवजी जवळच्या मापाचा सीमलेस पाइप घेणे केव्हाही शहाणपणाचे. वेल्डिंगची शिवण असलेला पाइप घेऊ नये, कारण ती शिवण आतून लायनरला सरळ रेषेत दाबते. पाइप आतून थोडा बारीक असेल तर लांब रीमरने, म्हणजे छिद्र मापाला आणायच्या हत्याराने, भरपूर तेल देऊन, घाई न करता तो मापाला आणता येतो.

आता फिट किती असावा? इथेच आमच्यासारख्या यंत्रशाळेत वाढलेल्या माणसांची सवय आड येते. आम्हाला घट्ट फिट म्हणजे चांगला फिट वाटतो. बेअरिंगच्या बाबतीत ते खरे असेल, पातळ लायनरच्या बाबतीत ते घातक आहे. लायनर छिद्रापेक्षा दोन शतांश जाड असेल आणि ते दाबून बसवले, तर कवच जाड असल्यामुळे ते फारसे हटत नाही. दबते ते लायनर, आणि त्या दाबातला बराचसा वाटा बोअरकडे येतो. छिद्र सगळीकडे एकसारखे नसतेच, म्हणून दाबही जागोजाग वेगळा पडतो आणि पुन्हा गज अडू लागतो. लायनर बोटांनी सरकवता आले पाहिजे. स्वतःच्या वजनाने ते सावकाश आत उतरले तर उत्तम. इपॉक्सीसाठी व्यासात एक ते दोन दशांश मिलिमीटर मोकळीक ठेवावी. बंद फटीत हवेविना घट्ट होणारी रिटेनिंग द्रव्ये वापरायची असतील तर फट त्याहून कमी चालते. मोकळीक ठेवली तर लायनर तिरपे बसेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यावर मी असे करतो की लायनरच्या दोन्ही टोकांशी आणि मध्ये दोन ठिकाणी पातळ तांब्याच्या तारेचा एकेक वेढा घेतो. तार अशी निवडतो की लायनर त्या वेढ्यांवर छिद्राच्या मध्यभागी तरंगत राहावे, पण कुठेही दाबले जाऊ नये. वेढा पूर्ण बंद करत नाही, म्हणजे इपॉक्सीला पुढे जायला वाट राहते.

चिकटवण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळ स्वच्छतेला द्यावा. कवचाच्या आतून आणि लायनरच्या बाहेरून जाड दाण्याचा पॉलिश पेपर फिरवून चमक मारावी, मग दोन्ही ॲसिटोनने पुसावे. पांढऱ्या फडक्यावर काळे लागायचे थांबेपर्यंत पुसत राहावे, आणि त्यानंतर त्या पृष्ठभागांना उघडे बोट लावू नये. पाच मिनिटांत वाळणारी इपॉक्सी इथे कामाची नाही, कारण चारशे मिलिमीटर लायनर आत जाण्याआधीच ती ओढ धरू लागते. संथ वाळणारी घ्यावी आणि पूर्ण दिवसभर हात लावू नये. लायनरची दोन्ही तोंडे मेणाने बुजवावीत, नाहीतर एक थेंब बोअरमध्ये गेला की खाच भरली आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. लेप कवचात नव्हे तर लायनरवर द्यावा, आणि लायनर सतत एकाच दिशेने फिरवत आत न्यावे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत आणि लेप चहूबाजूंनी सारखा पसरतो. मग नळी ओळंब्यात उभी करून ठेवावी. आडवी ठेवली तर लायनर स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि वरची बाजू पोकळ राहते. इपॉक्सीचा एक मोठा गुण असा की चूक झालीच तर तापवल्यावर ती मऊ पडते आणि लायनर बाहेर काढता येते. माझे तिसरे लायनर असेच वाचले. पितळी डागाची, म्हणजे ब्रेझिंगची, शिफारस काही जण करतात. ती मला मान्य नाही, कारण तेवढ्या उष्णतेने बोअरमध्ये खपली धरते आणि धातूतला ताण भलत्याच रीतीने सुटून नळी वाकू शकते.

वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचे कवच वापरण्याचा सल्ला आपल्या लेखात होता. त्याला हरकत नाही, पण त्याबरोबर एक खबरदारी सांगायला हवी होती. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. पाचशे मिलिमीटरची नळी उन्हात राहून तिचे तापमान पन्नास अंश सेल्सिअसने वाढले, तर पोलाद सुमारे तीन दशांश मिलिमीटर लांबते आणि ॲल्युमिनियम सुमारे सहा दशांश. दोन्ही एकमेकांना पूर्ण लांबीवर कठीण लेपाने जखडलेली असतील, तर एक दुसऱ्याला ओढू लागते, लेप कुठेतरी सुटतो आणि सकाळी जुळवलेला नेम दुपारी सरकतो. अशा वेळी लायनर ब्रीचच्या बाजूला पक्के धरावे आणि तोंडाच्या बाजूला ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कडीवर, टेकवून लांबीच्या दिशेने मोकळे ठेवावे, किंवा तोंडाशी आटे पाडून नटाने लायनर थोडे ताणून धरावे. दुसरी रीत मला अधिक आवडते. ताणलेली नळी तारेसारखी सरळ राहते आणि नट सोडला की लायनर बदलताही येते. मात्र नट किती आवळला याची खूण करून ठेवावी लागते आणि दर वेळी तो तेवढाच आवळावा लागतो.

ग्रब स्क्रूविषयी मी वर लिहिलेच आहे. तयार रायफलींतही ब्रीचमध्ये नळी अशा स्क्रूंनी धरलेली असते, म्हणून घरी बांधणारे तेच उचलतात. जाड नळीला ते चालते. लायनरवर थेट स्क्रूचे टोक टेकवणे म्हणजे बोअरमध्ये आतून फुगवटा पाडणे आहे. स्क्रू हवेच असतील तर ते कवचात केलेल्या खोबणीत टेकावेत, लायनरपर्यंत पोहोचू नयेत.

यानंतरचा मुद्दा नेमाचा नसून जिवाचा आहे. तो लेखात अजिबात नव्हता, याचे मला फार वाईट वाटले. लायनर निव्वळ लेपाच्या भरवशावर ठेवू नये. हवा ब्रीचमधून गळून लायनरच्या मागच्या कडेवर आली, तर ती छर्ऱ्याप्रमाणे लायनरलाही पुढे ढकलते. बारा मिलिमीटर व्यासाच्या लायनरची मागची कड, बोअर वगळून, सुमारे ९७ चौरस मिलिमीटर भरते. शंभर बार दाबाला तिच्यावर सुमारे ९७० न्यूटन जोर येतो, म्हणजे जवळपास शंभर किलोचे वजन. चांगला चिकटलेला लेप याच्या कितीतरी पट जोर सहज सोसतो. पण तेलकट बोट लागलेला, नीट न मिसळलेला किंवा उन्हात मऊ पडलेला लेप तो सोसेलच असे नाही, आणि लेप आतून कसा बसला आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून लायनरच्या ब्रीचकडच्या टोकाला कॉलर, म्हणजे लायनरहून रुंद कडी, बसवावी आणि कवचात तिच्यासाठी मागून पायरी करावी, म्हणजे लेप पूर्ण सुटला तरी लायनर पुढे निसटू शकणार नाही. तयार नळीचा पहिला नेम हातात धरून किंवा गालाशी लावून घेऊ नये. रायफल शिकंजात पक्की बांधावी, दाब कमी ठेवावा, दोरीने चाप ओढावा आणि माणसाने आडोशाला उभे राहावे. टाकी भरलेली असताना नळीवर कसलेही काम करू नये आणि तोंडातून आत डोकावू नये. बोअर पाहायचा असेल तर हवा काढून, नळी सुटी करून, ब्रीचकडून पाहावा. हवेची टाकी घरी बांधण्याविषयी लेखात जो उत्साह होता, तोही मला पटला नाही. दोनशे बार सोसण्यासाठी प्रमाणित केलेली टाकी विकत मिळते. हौस नळीत आणि दस्त्यात भागवावी.

ब्रीचमधले हवेचे भोक हे आणखी एक नाजूक ठिकाण आहे. लायनर बसवल्यावर बाहेरून ड्रिल मारले की भोकाच्या आतल्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक उभी धार, निघतो, आणि त्यावरून जाणारा प्रत्येक छर्रा एका बाजूने सोलला जातो. हा बर डोळ्यांना दिसत नाही. काडीला कापूस गुंडाळून तो भोकावरून फिरवावा, बर असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकून राहतात. तंतू अडकायचे थांबेपर्यंत बारीक पॉलिश पेपर गुंडाळलेल्या लाकडी काडीने ती कड मऊ करावी. छर्रा जिथे खाचांत शिरतो तिथेही खाचा एकदम सुरू होऊ देऊ नयेत. हातरीमरने अगदी निमुळती उतरण द्यावी, म्हणजे छर्ऱ्याचा पातळ घेर न फाटता खाचांत बसतो.

तोंडाची कड शेवटी करावी आणि ती बोअरवरूनच सेंटर करावी. छर्रा नळी सोडतो त्या क्षणी मागची हवा त्याच्या घेराभोवती चहूकडून एकाच वेळी सुटली पाहिजे. कडेवर एक लहानशी खरप असली तरी हवा तिथून आधी सुटते आणि छर्ऱ्याचा मागचा भाग ढकलला जातो. लेथवर कड मारून झाल्यावर अर्धगोल डोक्याचा पितळी स्क्रू हातड्रिलमध्ये धरावा, त्याला घासपेस्ट लावावी आणि ड्रिल सतत गोलाकार डोलवत कडेवर हळू फिरवावे. बोअरच्या तोंडाशी एकसारख्या रुंदीची बारीक चमकदार कडी दिसू लागली की थांबावे. कडी एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसत असेल, तर कड अजून तिरपी आहे. हे करताना बोअरमध्ये कापसाचा बोळा बसवून ठेवावा आणि काम झाल्यावर तो ब्रीचकडून ढकलून तोंडातून बाहेर काढावा, म्हणजे पेस्ट खाचांत पसरत नाही.

कायद्याविषयी दोनच वाक्ये लिहितो. छर्ऱ्याची ऊर्जा किती आणि बोअर किती, यांवर अनेक देशांत एअर रायफलला परवाना लागतो की नाही हे ठरते, आणि घरी बांधण्याविषयीचे नियम तर जागोजाग वेगळे आहेत. आपल्या ठिकाणचा नियम काय आहे हे पहिला पाइप कापण्याआधी लेखी माहीत करून घ्यावे.

आपणास विनंती अशी की लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात लायनरच्या कॉलरविषयी आणि पहिल्या नेमाच्या खबरदारीविषयी ठळक चौकट अवश्य छापावी. दरम्यान आपल्या वाचकांपैकी कोणी येत्या काही दिवसांत लायनर चिकटवायला बसणार असेल, तर त्याने इपॉक्सी कालवण्याआधी एक छर्रा पितळी गजाने नळीतून सावकाश ढकलून पाहावा, गज जिथे जड किंवा हलका झाला तिथे नळीवर बाहेरून पेन्सिलने खूण करावी, आणि लेप वाळल्यावर दुसरा छर्रा ढकलून त्या खुणा ताडून पाहाव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
आपला एक नियमित वाचक